दोन डावे हात

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या बायकोला त्याहून एक जास्त,

कारण तिनं विणलेले पायमोजे ह्यांना अगदी बेतानं बसले. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. इथे मला डोकं खाजवायला फुरसत नाही. फोन का करत नाहीस म्हणून विचारतोस. अरे, फोन ह्यांच्या खुर्चीला लागून आहे. ह्यांची वाचा गेली, कान नाही गेले. ह्यांच्या देखत ह्यांची गाऱ्हाणी कशी सांगू? त्यातून तू फोनवर ओरडतोस, जसा काही ट्रक मागे घ्यायला लावतोयस. त्यापेक्षा पत्र बरं.

झटका आल्यापासून ह्यांची उजवी बाजू लुळी आहे ती तशीच आहे. बोलायला जातात तर नुसता ‘अं’ निघतो. पण त्या ‘अं’चेही प्रकार आहेत आणि ते मला आता कळायला लागले आहेत. पाण्याचा वेगळा, पाठ दुखते त्याचा वेगळा, आणि मी फार बडबडते त्याचा सगळ्यात लांबलचक.

आमचा साहेब येऊन गेला. साहेब म्हणजे तुझा भाचाच, ऑफिसात फिरती खुर्ची मिळाल्यापासून मी त्याला साहेबच म्हणते. त्यानं शहराबाहेर एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं आहे. तिथे बाग आहे, लिफ्ट आहे, सतत नर्स आहेत. माझ्यानं हे होणार नाही असं त्याचं ठाम मत. मी म्हटलं, होतं की नाही ते बघच. शेवटी असं ठरलं की एप्रिल संपता संपता तो येईल आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. मला झेपत नाही असं दिसलं तर बाबांना तिकडे हलवायचं. बाग आहे म्हणे! बागेला ह्यांचा ‘अं’ कळणार आहे का? पाणी हवंय हे तिथे कोण ओळखणार? मी ह्यांना कुठेही जाऊ देणार नाही. जन्मभर शाळेत पोरींना कसरत शिकवली. लाकडी घोड्यापाशी अडणाऱ्या मुलीला मी एका हातानं उचलून पलीकडे ठेवायची. हे तर दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काचा घासता घासता स्वतःच काचेसारखे हलके झालेले आहेत.

देवावर भार टाक असं तू लिहिलंस. हातपाय दिलेत त्यानं, अजून किती द्यायचं? आमच्या घरात देवाचं खातं ह्यांच्याकडे होतं आणि बाकी सगळं माझ्याकडे. अशी वाटणी होती म्हणून तर संसार नीट झाला.

एकच गोष्ट कळत नाही. रोज दिवेलागणीला हे कासावीस होतात. डाव्या हातानं खुर्चीच्या हातावर थापा मारतात, खिडकीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. पाणी देऊन पाहिलं, पडदा ओढून पाहिला, पाय चेपून पाहिले. हा ‘अं’ मात्र माझ्या यादीत नाही. अंधार पडला की आपोआप गप्प होतात, पण तोंड रडवेलं होतं. ते मला बघवत नाही.

मी येऊ का असं विचारतोस. नको. पाहुणा आला की एक ताट वाढतं, आणि तुझं ताट म्हणजे दोघांचं.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नये.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.,

ताटाबद्दल वाचून बायको तासभर हसत होती. आता माझ्या वाढत्या पोटाला तुझा दाखला मिळाला.

तू भाऊजींना एकटी उचलतेस हे वाचून मात्र मला हसू आलं नाही. मी आयुष्यभर लोकांची घरं हलवली. कपाटं, पियानो, लोखंडी तिजोऱ्या. माणूस आणि कपाट यांत फरक एवढाच, की कपाट घाबरत नाही. घाबरलेलं वजन दुप्पट होतं. म्हणून उचलण्याआधी त्यांना सांग की आता उचलते आहे, आणि श्वास सोडायला लाव. कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून बस. हे तुला शिकवायची गरज नाही, तूच मला लहानपणी शिकवलंस, पण तेव्हा तुझे गुडघे वेगळे होते. सोबत रुंद पट्टा पाठवतो आहे. आमच्या कामातला आहे, धुऊन पाठवला आहे.

व्यायामासाठी त्यांना दवाखान्यात न्यायचं तर दोन जिने उतरायचे. खालच्या मजल्यावरचा तो शिंपी अंगानं दणकट आहे असं तू मागे लिहिलं होतंस. त्याला बोलाव. खुर्ची मागे कलती करायची. तू वर राहा, पाठीकडून धर. तो खाली, खुर्चीचे पुढचे पाय धरून. आता नीट वाच, कारण आमच्या धंद्यात निम्मे अपघात इथेच होतात. जिन्यावर वरच्यानं उचलायचं नसतं. भार खालच्यावर असतो, वरच्यानं नुसतं कलतं धरून त्याच्या मागोमाग जायचं. वरच्याला वाटतं की आपण काहीच करत नाही, म्हणून तो हळूच उचलायला जातो, आणि उचललं की माल खालच्याच्या अंगावर जातो. नव्या गड्याला हे शिकवायला मला वर्ष लागतं. उचलणं कोणालाही येतं. न उचलणं शिकवावं लागतं.

दिवेलागणीचं मला एक सुचतं. तुझ्याकडे राहायला आलो की मी पाहायचो, दुकान बंद करून आले की भाऊजी खिडकीशी बसायचे आणि देवाशी बोलायचे. पोथी नाही, मंत्र नाही. आज दिवस असा गेला, एका म्हातारीच्या चष्म्याची काडी जुळली नाही, उद्या जुळू दे, पोराचा खोकला बघ, असं. तू आतून ओरडायचीस की देवाला अहवाल देऊन झाला असेल तर जेवायला या. आता त्यांना बोलता येत नाही. त्यांच्या वतीनं कुणीतरी बोलावं एवढंच त्यांना हवं असेल. बघ पटतंय का.

माया आहे तेवढी राहू दे. रागावलीस तर ती तेवढ्यापुरती.

तुझा धाकटा

२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद वि.,

तुझ्या पट्ट्याला तुझ्या ट्रकचा वास आहे, पण काम चोख करतो.

दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. शिंपी खाली, मी वर. तू लिहिल्याप्रमाणे मी नुसतं धरते. खरं सांगायचं तर दातओठ खाऊन नुसतं धरते. तो बिचारा मागे न बघता एकेक पायरी उतरतो आणि मला सारखं वाटत राहतं की आता ह्याचा पाय घसरला. माझ्या हातांना सवय नाही रे दुसऱ्याच्या भरवशावर राहण्याची. पण आत्तापर्यंत सगळं सुखरूप.

आता तुझ्या दुसऱ्या सल्ल्याची कथा ऐक. तू म्हणतोस ते अगदी खरं निघालं. दिवेलागण झाली, थापा सुरू झाल्या, तेव्हा मी ह्यांना विचारलं की प्रार्थना करायची आहे का. ह्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. इतके दिवस माझ्या ध्यानात आलं नाही याची मला लाज वाटली. पण ध्यानात येणं वेगळं आणि करणं वेगळं. रेडिओवर भजन लावलं, तर ह्यांनी तोंड फिरवलं. मग मी उभी राहिले, टाचा जुळवल्या, हात जोडले, आणि शाळेत मैदानावर म्हणायचो ती प्रार्थना खड्या आवाजात म्हटली. हे हसले! अर्ध्या तोंडानं, पण खरंच हसले, आजारपणानंतर पहिल्यांदा. मलाही हसू आवरेना. पण हसून झाल्यावर त्यांनी परत खिडकीकडे बघितलं. म्हणजे ही नव्हे.

ह्यांच्यासारखं मोकळं बोलायला मला जमत नाही. काय बोलू? ज्याच्याशी जन्मात दोन शब्द बोलले नाही त्याच्या दारात एकदम गळा काढत जायचं? मी ओळखपाळख नसताना शेजारणीकडे विरजणसुद्धा मागितलं नाही कधी.

त्यावरून आठवलं. समोरच्या नर्सबाई म्हणाल्या की ह्यांना अंघोळ त्या घालत जातील. शिंपीही म्हणाला की सकाळी बिछान्यातून खुर्चीत बसवायला येत जाईन. दोघांना नाही म्हटलं. माणसं भली आहेत, पण साहेबाचा फोन त्यांच्याकडेही जातो. मला मदत लागते असं एकदा त्याच्या कानावर गेलं की त्याचं शुश्रूषागृह पक्कं. म्हणून मी सगळं एकटी करते, आणि फोनवर त्याला सांगते की उत्तम चाललंय. पाठ जरा धरली आहे. कुणाला सांगू नकोस.

प्रेम असू दे, वाढलं तर मी अडवणार नाही.

तुझी ताई

१९ मार्च

धाकट्या,

डाव्या हातानं लिहिते आहे. आशीर्वाद समजून घे.

जिन्यावर पडलो. शिंप्याचा पाय घसरला नव्हता, तो फक्त वळणावर क्षणभर थांबला होता. मला वाटलं घसरला. मी उचललं. तू लिहिलं होतंस, मी वाचलं होतं, तरी उचललं. खुर्ची सरळ त्याच्या अंगावर गेली. तो खाली होता म्हणून हे वाचले. पट्टा होता म्हणून खुर्चीतच राहिले. ह्यांच्या कपाळाला टेंगूळ. शिंप्याच्या बरगड्यांना मार. माझं उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आहे.

ह्यांचा उजवा हात गेलेला, आता माझाही. घरात दोन माणसं आणि दोन डावे हात. लोक सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणतात. त्यांनी एकदा डाव्या हातानं पातेलं उतरवून दाखवावं.

साहेबाला सांगितलेलं नाही, शिंप्यालाही सांगू नको म्हणून शपथ घातली आहे. मला भीती वाटते रे. पडण्याची नाही. ह्यांना नेतील याची.

ताई

२४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.,

तुझं वेडंवाकडं अक्षर बघून बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मी लावला नाही, कारण माझ्याकडे पदर नाही.

मी तुला बोल लावणार नाही. तुझा गैरसमज होऊ नये म्हणून एक सांगतो. वरचा माणूस उचलतो ते खालचा कमजोर आहे म्हणून नाही. खालचा धडधाकट असला तरी उचलतो. आपण न उचलता वजन खाली जातंय हेच त्याला सहन होत नाही. माझे सगळ्यात ताकदवान गडीच यात सापडतात. मरतुकड्यांना हा रोग होत नाही, त्यांना मुळात भार टाकायची सवयच असते. तू आमच्या घरातली सगळ्यात ताकदवान. आई आजारी पडली तेव्हा तू, माझी शाळा सुटली तेव्हा तू, भाऊजींचं दुकान जळता जळता वाचलं तेव्हाही बादल्या घेऊन तूच. म्हणून तुला देवाची गरज पडली नाही, आणि पडली तेव्हा पत्ता माहीत नव्हता.

माझं सांगतो. माझा खांदा निखळला तेव्हा मी देवाला सांगितलं की खांदा परत दे, मग बघ मी काय काय करतो. खांदा परत आला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मला धरू नकोस. मी त्याला कामाला लावत होतो, हमालासारखं, की एवढं उचलून दे आणि बाजूला हो, बाकीचं मी बघतो. पुढे खोलीत पडून पडून एक दिवस कंटाळलो आणि म्हटलं, बाबा, मला काही येत नाही, तूच बघ. त्या दिवशीही खांदा आला नाही. पण मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी गड्यांना सांगितलं की आजपासून मी फक्त उभा राहणार. ते म्हणाले, मालक, आम्ही कधीपासून वाट बघत होतो.

त्यामुळे तू काही सुंदर बोलायला जाऊ नकोस. भाऊजी कुठे सुंदर बोलायचे? आहे तसं सांग. आणि नर्सबाईंना हाक मार. शिंपी बरा झाला की त्यालाही. भाच्याचं काय व्हायचं ते होईल. तो प्रश्न तुझ्या मनगटाहून मोठा आहे.

आठवण ठेवतेसच. त्यात माझीही असू दे.

तुझा धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.,

अक्षर सुधारलं आहे ना? शाळेत असते तर स्वतःला दहापैकी सहा दिले असते.

तुझ्या पत्रावर मी दोन दिवस चिडले होते. देवाला हमालासारखं कामाला लावतोस म्हणून मी तुला हसणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की मी तर त्याला कामावर घेतलंच नव्हतं. असो.

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी हे खुर्चीत घसरायला लागले. पट्टा काढलेला होता. मी एका हातानं धरलं, पण वर ओढता येईना. शिंपी अजून बरगड्या धरून झोपलेला, नर्सबाई कामावर. हाका मारल्या, जिन्यात कुणी नव्हतं. शेवटी मी जमिनीवर बसले आणि माझा खांदा त्यांच्या छातीला टेकवून तशीच राहिले. ना त्यांना वर घेता येतंय, ना खाली सोडता येतंय. दिवे लागायची वेळ होती. ह्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर दोन थापा मारल्या, नेहमीच्या, खुर्चीच्या हातावर मारायचे तशा. इतकी चीड आली! म्हटलं, ही काय वेळ आहे का? आणि मग वाटलं, हीच वेळ आहे.

तशीच बसून बोलले. देवा, मी कोण ते तुला माहीत असेलच, ह्यांनी माझ्याबद्दल पुष्कळ अहवाल दिले असतील. मला हे उचलता येत नाहीत. उद्याही येणार नाहीत. बरी झाले तरी येणार नाहीत, हे मला माहीत आहे आणि मी सगळ्यांशी खोटं बोलते आहे. बस, एवढंच. मग रडले. तू हसशील, पण शाळेतली शिट्टी गळ्यात आल्यापासून मी कुणासमोर रडले नव्हते.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. नर्सबाई कामावरून आल्या, दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावल्या, आणि आम्ही दोघींनी मिळून ह्यांना वर बसवलं. त्या मला रागावल्या. म्हणाल्या की समोरच राहून मी परकी, म्हणून वाईट वाटत होतं. आता अंघोळ त्याच घालतात. शिंपी हिंडाफिरायला लागला आहे, रोज सकाळी येतो, आणि मी जिन्यात उचललं तर शिट्टी वाजवीन अशी धमकी देतो. उचलायचं काम आता दुसऱ्यांचं, मी ‘अं’चा अर्थ सांगते.

संध्याकाळी मी रोज बोलते. जमतं असं नाही, पण बोलते. ह्यांच्या थापा थांबल्या. डोळे मिटून ऐकतात.

आता साहेब येईल. प्लास्टर दिसेल, त्याला कळेलच. त्याला खरं सांगून टाकावं असं ठरवते, पण मला माझी जीभ माहीत आहे. देवापुढे उघडते, पोरापुढे नाही. तो समोर आला की तोंडातून निघणार, मी बघते, तू काळजी करू नकोस. लहानपणापासून त्याला हेच ऐकवलं आहे. ह्यांना ठेवून घेण्यासाठी आता मी भांडणारही नाही. भांडायला जी ताकद लागते ती माझ्याकडे नाही. भीती तेवढी आहे, ती कमी झालेली नाही.

जिव्हाळा असावा. असतोच, पण लिहायची पद्धत आहे.

तुझी ताई

२७ एप्रिल

ती. मामांस सा. न. वि. वि.,

माझं पत्र पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. फोनवर हे बोलता आलं नसतं, आवाज नीट राहिला नसता. मुद्द्याचं आधी सांगतो, बाबा घरीच राहणार आहेत. आता कसं ते सांगतो, पण ते फक्त तुमच्यापाशी राहू दे.

मी शनिवारी आलो तो सगळं ठरवूनच. शुश्रूषागृहातली खोली राखून ठेवली होती, सोमवारी सकाळची रुग्णवाहिका सांगितली होती. दारातच आईच्या हाताचं प्लास्टर दिसलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, किरकोळ आहे. कसं चाललंय विचारलं तर म्हणाली, उत्तम. मला संताप आला. मामा, मी वाईट मुलगा नाही. मला बाबांचं ओझं झालेलं नाही. मला एकच चित्र सारखं दिसायचं, की कधीतरी मी दार उघडीन आणि बाबांना उचलता उचलता आई त्यांच्याखाली पडलेली असेल, आणि तिनं कुणालाही हाक मारलेली नसेल. तिच्यावर हाच एक भरवसा ठेवता येत नव्हता. बाबांना हलवणं हा तिला वाचवायचा मला दिसलेला एकच उपाय होता. तिला मी सोमवारचं सांगितलं. ती भांडेल म्हणून मी तयारीत होतो. ती भांडली नाही. बाबांचे कपडे घड्या करून पिशवीत भरायला लागली. एका हातानं घड्या नीट पडत नव्हत्या. त्या मी घातल्या नाहीत, रागात होतो. याचं आता वाईट वाटतं.

रविवारी संध्याकाळी बाबांची औषधं आणायला निघालो आणि चिठ्ठी विसरली म्हणून अर्ध्या जिन्यातून परत फिरलो. दार लोटलेलं होतं. आत आई बोलत होती. मला वाटलं कुणी आलंय. आत पाहिलं तर बाबा खिडकीशी डोळे मिटून बसलेले, आई त्यांच्या शेजारी स्टुलावर.

ती देवाला सांगत होती की आज दिवस वाईट गेला. पोरींना मी शेवटच्या फेरीत दम धरा म्हणायची, पण आता माझाच दम संपला आहे. मला जमत नाही. पोरगा ह्यांना न्यायला आला आहे. तो वाईट नाही, दमलेला दिसतो, केस पांढरे झाले त्याचे, त्यालाही बघ. त्याला हे सांगायला माझी जीभ वळत नाही. तू ह्यांना इथे ठेव किंवा तिथे ने, पण जिथे असतील तिथे ह्यांच्या शेजारी तू बस, कारण मला तिथे बसू देणार नाहीत आणि ह्यांना पाणी मागता येत नाही. बाकी मी सोडलं.

मी जिन्यात जाऊन बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. शिंपीकाका वर येत होते, ते काही न विचारता परत खाली गेले. मामा, मी इतका मोठा झालो, आईच्या तोंडून ‘जमत नाही’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. ज्या माणसाला हे म्हणता येतं ते माणूस हाकही मारील. मग रुग्णवाहिका कशाला हवी? मी आत गेलो आणि बाबा इथेच राहतील एवढंच सांगितलं. दर शनिवार-रविवार मी इकडे येणार, नर्सबाईंशी आणि शिंपीकाकांशी बोललो आहे. रविवारी सकाळी दोघं आले ते मी आलोय म्हणून असं मला वाटलं होतं, ते आधीपासून रोज येत होते हेही मला तेव्हाच कळलं.

मी ऐकलं हे आईला सांगू नका. तिला कळलं तर ती दार लावून बोलायला लागेल, किंवा बोलणंच बंद करील. तिचं ते बोलणं चालू राहावं असं मला वाटतं. मी स्वतः देवाला मानतो की नाही हे मला ठाऊक नाही. पण काल जिन्यात बसून मीही काहीतरी म्हणालो.

मामींना नमस्कार. आपला लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिलं.

आपला भाचा

३० एप्रिल

चि. धाकट्यास अनेकानेक आशीर्वाद, आज हात सैल सोडून,

हे घरी आहेत! पहिल्या ओळीत सांगून टाकलं, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचतोस.

ह्यांना बरं वाटतंय म्हणशील तर तसं काही नाही. उजवा हात होता तसाच, वाचा नाही ती नाहीच, आणि काल दूध सांडलं त्याबद्दल माझ्यावरच डोळे वटारले. माझं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल, पण डॉक्टर म्हणाले की वजन उचलणं विसरा. मी म्हटलं, विसरले.

साहेब आला तेव्हा झालं नेमकं मला वाटलं होतं तेच. तो विचारत होता आणि मी उत्तम उत्तम म्हणत होते. सोमवारी न्यायचं असं त्यानं सांगितलं. मी पिशवी काढली. कपडे भरले, तुझ्या बायकोचे पायमोजे सगळ्यात वर ठेवले, म्हणजे तिथे कुणाला शोधावे लागू नयेत. पिशवी दारापाशी ठेवली. संध्याकाळी तो औषधं आणायला बाहेर पडला तेव्हा मी रोजच्यासारखी खिडकीशी बसले आणि जे होतं ते सांगून टाकलं. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात शांत होता.

बऱ्याच वेळानं साहेब परत आला. औषधं आणायला गेलेला पोरगा औषधं न घेताच आला! डोळे लाल. विचारलं तर म्हणाला, जिन्यात धूळ फार आहे. मग सरळ पिशवीपाशी गेला, कपडे बाहेर काढले, एकेक घडी मोडून परत नीट घातली आणि कपाटात ठेवली. बाबा इथेच राहतील, म्हणाला. मी तुला हाक मारीन तेव्हा तू मला हाक मारशील ना, असं काहीतरी उलटसुलट बोलला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा मोठा माणूस, फिरत्या खुर्चीवर बसणारा. मी डाव्या हातानं त्याचे केस विंचरत बसले. किती पांढरे झालेत रे!

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. हा असा बदलला कसा? तूच लिहिलंस की काय त्याला? माझं एप्रिलचं पत्र त्याला दाखवलंस असेल तर खरं सांग, रागावणार नाही. शिंप्याला विचारलं, त्यानं कानांवर हात ठेवले. नर्सबाई म्हणाल्या की त्यांच्याशी तो बोलला ते नंतर, सगळं ठरल्यावर. मी तर त्याच्यासमोर अवाक्षर काढलेलं नाही. मला जमत नाही हे मी शेवटपर्यंत त्याला सांगू शकले नाही. मी ते फक्त एकाच ठिकाणी बोलले होते, धाकट्या.

म्हणजे तिथूनच त्याच्या कानावर गेलं असणार.

तुझ्या मायेची कायम धनीण,

तुझी ताई